चांगल्या हवेत टांगलेला पंप

लॉरेल फोर्क, केंटकी
१२ मार्च

हॉलिस,

अकरा वर्षांनी घरून पत्र आलं की माणूस आधी कोण गेलं ते शोधतो. कोणी गेलेलं नाही. तेव्हा बस आणि नीट वाच.

तुझ्या भावाला फुप्फुसाचा कॅन्सर आहे. चौथ्या टप्प्याचा, म्हणजे छातीतून निघून मणक्यापर्यंत पोचलेला. गेल्या वर्षी वसंतात कळलं. तेव्हा तुला कळवलं नाही, कारण बर्लने मला बायबलवर हात ठेवायला लावला होता. आता कळवतेय, कारण लेक्सिंग्टनच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं की यांच्या रक्ताच्या नात्यातलं आणखी कोणी जमिनीखाली काम केलं आहे का. मी म्हटलं, धाकटा भाऊ. बर्ल म्हणाला, "मला भाऊ नाही." बाई एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, जो कोणी असेल त्याला छातीचा स्कॅन करून घ्यायला सांगा. तो निरोप पोचवला. बायबलचं मी आणि देव बघून घेऊ.

मी तुला बोलावत नाहीये, हे आधीच सांगते. मदतही मागत नाहीये. लेक्सिंग्टनला अडीच तास लागतात आणि मी स्वतः गाडी चालवत नेते. शाळा आणि चर्च सोडून जिने कुठे गाडी नेली नव्हती ती मी. मोठ्या रस्त्यावर ट्रकवाले मागून भोंगे वाजवतात. वाजवोत बापडे. शेजारी बर्ल पाय असा दाबून बसतो, की जणू ब्रेक त्याच्याच बाजूला आहे.

पहिलं औषध दहा महिने चाललं आणि मग चालेनासं झालं. आता एका नव्या औषधाची चाचणी आहे. औषध एक नाही, दोन आहेत. एक दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून जातं आणि अंगातल्या, रोगाशी लढणाऱ्या स्वतःच्याच शिपायांना जागं करतं. दुसरी रोजची गोळी आहे, इतकी नवी की तिला अजून नावसुद्धा नाही, नुसता नंबर आहे. दोन्ही मिळून काय करतात ते कोणालाच पक्कं ठाऊक नाही, म्हणून तर चाचणी. निम्म्या लोकांना ही जोडी, निम्म्यांना नेहमीचं औषध, आणि कोणाला काय ते कॉम्प्युटर ठरवतो. बर्ल म्हणाला, साठ वर्षांत माझी एक लॉटरी लागली नाही. ही लागली. जोडी मिळाली.

सहीच्या कागदांचा गठ्ठा त्याने कोळशाच्या खाणीत लागताना वाचला होता तितकाच वाचला, म्हणजे नाहीच. मी वाचला. त्यात एक पान आहे ते मला झोपू देत नाही. जागे झालेले शिपाई कधी कधी चांगल्या फुप्फुसावरच उठतात. दम लागायला लागला तर त्याच दिवशी फोन करायचा. मग औषध थांबवतात, कधी कधी कायमचं. थांबवलं नाही तर माणूस त्यातच जातो. मी ते पान बर्लला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "दम मला विसाव्या वर्षापासून लागतोय."

फोन करू नकोस. घरचा फोन त्याच्या खुर्चीला लागून आहे आणि मोबाइल अजूनही फक्त दफनभूमीच्या टेकडीवर लागतो. उत्तर द्यायचं तर शाळेच्या स्वयंपाकघराच्या पत्त्यावर दे. मी अजून तिथेच आहे. पोरं अजून तसेच बीन्स ताटात टाकून जातात.

फटकळ वाटलं तर वाटू दे. तू नऊ वर्षांचा होतास तेव्हा मी या घरात आले. तुझे कान घासून धुतलेत मी.

ट्वायला


२३ एप्रिल

हॉलिस,

उत्तर मिळालं. 'स्कॅन केला. स्वच्छ आहे. बर्ल माझ्याबद्दल काही बोलतो का?' आणि खाली फोन नंबर, जणू तू नळ दुरुस्त करणारा आहेस. तुझी छाती स्वच्छ आहे याचा आनंद झाला, खरंच झाला. पण ट्वायला, तू कशी आहेस, एवढं लिहायला शाई संपली होती का?

नाही, तो तुझ्याबद्दल बोलत नाही. दर नाताळात तुझं कार्ड येतं ते तो न फोडता शेगडीत टाकतो. पाकीट हातात धरून जरा वेळ उभा राहतो आणि मग टाकतो. 

तुला आठवण करून द्यायची गरज नाही, पण माझ्या मनात हे इतकी वर्षं कुजलंय की एकदा लिहून काढते. प्रत्येकाच्या पट्ट्याला धूळ मोजायचा पंप बांधायचे. पाळी संपली की त्यावरून सरकारला कळायचं, आत माणसं किती धूळ खातात. आकडा वर गेला की काम बंद, हवा सुधारेपर्यंत. म्हणून सगळे जण पंप काढून चांगल्या हवेत टांगायचे, नाही तर जेवणाच्या डब्यात घालून झाकण लावायचे. मुकादम दुसरीकडे बघायचा. तू खाणीत लागलास त्या आठवड्यात बर्लनेच तुला ते शिकवलं. आपल्याच टेबलावर बसून, मी बिस्किटं भाजत होते तेव्हा. "पंपाला चांगली हवा दे, तो आपल्याला भाकरी देतो."

मग तुमच्याच पाळीतला लोनी फुगेट चौतिसाव्या वर्षी धुळीपायी ऑक्सिजनच्या नळीला बांधला गेला, आणि तू सरकारी तपासनिसाला जाऊन सगळं सांगितलंस. कोण टांगतं, कुठे टांगतं, सगळं. सहा नंबरची खाण नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी बंद झाली. बर्लने तुझी खुर्ची उचलून व्हरांड्यात नेऊन ठेवली आणि ती तिथेच पावसात कुजली.

तू बरोबर होतास का? चर्चमध्ये मी लोनीच्या आईशेजारी बसते तेव्हा तू बरोबर असतोस. पन्नाशीचा बर्ल दुसऱ्याच्या वखारीत फळ्या उचलून घरी यायचा तेव्हा नसायचास. माझ्याकडून यापेक्षा सरळ उत्तर मिळणार नाही.

आता चाचणीचं खूळ ऐक. हॉस्पिटलने एक टॅब दिलाय आणि बोटाला लावायचा चिमटा. सकाळी चिमटा लावला की रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा घरच्या फोनच्या तारेवरून आपोआप तिकडे रनिटाला दिसतो. रनिटा म्हणजे या चाचणीची नर्स. बाई चांगली आहे, बर्लला 'मिस्टर स्टिडम' म्हणते आणि तो लगेच ताठ बसतो. टॅबमध्ये मात्र कोणी तरी मूर्ख बसलाय. तो रोज विचारतो, काल जिना चढताना दम लागला का? आमच्या घराला जिना नाही. 'जिना नाही' असं उत्तर टॅबला चालत नाही, आणि उत्तर दिल्याशिवाय तो पुढे जात नाही. अर्धा तास भांडून बर्लने 'दम लागला नाही' दाबलं. आता रोज तेच दाबतो.

तिकडे गेलं की गाडी लावायला जागा नाही, मग रक्त, मग वाट बघणं, मग कळतं की काल काढलेलं रक्त चालणार नाही, आजचंच हवं. मी एका खुर्चीत इतका वेळ बसते की माझी सावली तिथे उमटली असेल. आणि सगळे विचारतात, कसं वाटतंय, मिस्टर स्टिडम? तो सगळ्यांना सांगतो, उत्तम. त्याला गाडीतून उतरवताना माझा खांदा निखळायची वेळ येते, पण उत्तम.

ट्वायला


६ जून

हॉलिस,

स्कॅन झाला. गाठ एक तृतीयांश कमी झाली आहे.

हे वाक्य मी परत वाचलं, तू पण वाच. रनिटाने मला मिठी मारली. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर आधीची आणि आताची अशी दोन चित्रं शेजारी शेजारी दाखवली. मला दोन्हीत ढगच दिसले, पण त्या म्हणाल्या की हा ढग लहान आहे.  परत येताना बर्लने वाटेत गाडी थांबवायला लावली आणि दोन तळलेली अंडी खाल्ली. तुझ्या भावाला मी वर्षभरात असं खाताना बघितलं नव्हतं.

तू विचारलंस म्हणून सांगते, मी बरी आहे. विचारलंस त्याबद्दल आभार. उशिरा का होईना.

गोळीने त्याचं तोंड आलंय, म्हणून बर्फाच्या कांड्या चोखतो, लहान पोरासारख्या, जीभ निळी करून. फ्रीझर त्या कांड्यांनीच भरलाय. हात सारखे गार असतात. चिमटा गार बोटावर नीट चालत नाही, मग आम्ही काही तरी करतो आणि आकडा येतो. सत्त्याण्णव. हॉस्पिटल खूश आहे. आकड्यांच्या बाबतीत तरी आमच्या घरात सगळं झकास आहे.

तो आता खुर्चीतच झोपतो, म्हणतो आडवं झालं की पाठ दुखते. रस्त्यावरच्या पत्रपेटीपर्यंत जाणं त्याने सोडलंय, म्हणतो उन्हाचा त्रास होतो. कुत्र्याला खायला मीच घालते. वाक्य बोलताना मध्येच थांबतो, पण तो कधी बडबड्या होता? दोन औषधं एकदम पोटात गेल्यावर माणूस थकणारच. रनिटाला हे सांगायला हवं का, असा विचार आला होता. तिला कामं थोडी आहेत का?

शाळेला सुटी लागतेय. ऑगस्टपर्यंत मला काही पाठवू नकोस, कारण सगळं घरच्या पेटीत येईल आणि मग रामायण होईल.

ट्वायला


११ जुलै

हॉलिस,

हे पत्र मी पाठवणार नाही, म्हणून यात खरं लिहिते.

तो आकडा माझा आहे. सत्त्याण्णव माझा. मेच्या शेवटापासून रोज सकाळी चिमटा माझ्या बोटाला लागतो.

सुरुवात खरंच गार हातांनी झाली. चिमटा काही केल्या वाचेना, टॅब टुकटुक करायला लागला, आणि बर्ल म्हणाला, "तुझं बोट दे." मी दिलं. भांडी तशीच पडली होती, मला शाळेत जायचं होतं, दिलं. दुसऱ्या दिवशी त्याचे हात गरम होते. त्याने चिमटा लावला आणि आकडा आला ब्याण्णव. त्याने तो चटकन काढला, पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझं दे." मी तेव्हाही दिलं.

काल तो आंघोळीहून आला आणि दाराला धरून उभा राहिला. त्याचे ओठ शाईसारखे झाले होते. मी चिमटा उचलून त्याच्या बोटाला लावला, टॅब बंद ठेवून. अठ्ठ्याऐंशी. म्हटलं, "बर्ल, मी रनिटाला फोन करते." त्याने माझं मनगट पकडलं. अजून जोर आहे त्या हातात.

"आकडा खराब गेला की काम बंद, ट्वायला. एवढं कळत नाही तुला? गाठ कमी होतेय. चालू खाण कोणी आपल्या हाताने बंद करतं का?"

मी म्हटलं, हे आकडे कंपनीसाठी नाहीत, तुझ्यासाठी आहेत.

"आकडे कधीच माणसासाठी नसतात," तो म्हणाला.

 त्याने तीस वर्षं पंप चांगल्या हवेत टांगला. आता पंपाच्या जागी बोटाचा चिमटा आहे आणि चांगल्या हवेच्या जागी मी. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, तांबडं फुटेपर्यंत दोन सलाइन तरी पदरात पडतील.

मी चिडलेय. त्याच्यावर चिडलेय, त्या टॅबवर चिडलेय, आणि स्वतःवर सगळ्यात जास्त. फोन केला आणि त्यांनी औषध बंद केलं आणि गाठ पुन्हा वाढली, तर मी त्याला मारलं. फोन केला नाही आणि छाती भरली, तरी मीच मारलं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण आडाच्या काठावर रोज सकाळी बोट पुढे करून बसावं लागतं, ते कोणी सांगत नाही. पुढची सलाइन या महिनाअखेरीस आहे. ती याला मारेल असं मला वाटतं. वाटतं काय, मला माहीत आहे. मी ते पान वाचलंय.

तू असतास तर आतापर्यंत फोन करून मोकळा झाला असतास. सगळा गाव तोंडात शेण घालेल हे माहीत असून तू तेव्हा बोललास. त्याला धैर्य लागतं. हा शब्द मी तुझ्यासाठी पुन्हा वापरणार नाही, आताच वाचून घे. पण तू वाचणारच नाहीस.

पाकिटावर नुसतं तुझं नाव लिहिते. पत्ता घालत नाही. फ्रीझरमध्ये हरणाच्या मांसाच्या पिशवीखाली ठेवते. या उन्हाळ्यात त्या मांसाला कोणी हात लावणार नाही.

ट्वायला


लेक्सिंग्टन
१९ जुलै

हॉलिस,

तर तू परत तेच केलंस.

शनिवारी रनिटाचा फोन आला. म्हणाली, तुझ्या दिराने फोन केला होता, मला त्यांना काही सांगता येत नाही पण ऐकायला बंदी नाही. मग म्हणाली, "चिमटा मिस्टर स्टिडमच्या बोटाला लाव, ट्वायला. मी फोनवर आहे तोवर आकडा वाच."  मला वाटलं बर्ल आता फोन भिंतीवर आपटेल. त्याने शांतपणे बोट पुढे केलं, कुरकुरसुद्धा केली नाही. त्याचं मला नवल वाटलं, पण तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. आकडा होता चौऱ्याऐंशी.

ॲम्ब्युलन्स दरीत शिरायला पाऊण तास लागला. आता स्टेरॉइड चालू आहेत, मोठ्या मात्रेने, आणि नाकात नळी आहे. दोन्ही फुप्फुसांना सूज आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून एक सलाइन गेली असती तर त्यांच्या हातात काही उरलं नसतं. औषध कायमचं बंद. गोळीही बंद. मी विचारलं, मग गाठ? त्या म्हणाल्या, स्कॅन करत राहू, कधी कधी औषध थांबवलं तरी शिपाई जागे राहतात. कधी कधी राहत नाहीत. मला पक्कं सांगा म्हटलं, तर म्हणाल्या, पक्कं कळावं म्हणूनच तर हा सगळा खटाटोप.

बर्ल तीन दिवस तुला शिव्या घालतोय. येईल त्या नर्सला सांगतो की माझ्या भावाच्या तोंडाला झाकणच नाही, लहानपणापासून नाही. अकरा वर्षांनी त्याने 'माझा भाऊ' म्हटलं, ते असं.

रनिटाला मी सगळं कबूल केलं. वाटलं होतं ती ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बर्लच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "मिस्टर स्टिडम, ही जोडी बाकीच्या शहरांतही लोक घेतायत. तुमच्या छातीत काय झालं ते आम्हाला कळलं, तरच त्यांना मात्रा किती द्यायची ते ठरतं. तुमच्या खोट्या सत्त्याण्णववर आम्ही मागून येणाऱ्यांना तीच मात्रा देत राहिलो असतो."

बर्लने तोंड भिंतीकडे केलं. मागून येणारे. तू त्या थँक्सगिव्हिंगला आमच्या टेबलावर हेच म्हणाला होतास, याच शब्दांत. 'पंप खोटं बोलला की मागून येणाऱ्या पोरांच्या छात्या भरतात.' त्यानेच खुर्ची उचलली होती तुझी. माझ्या लक्षात आहे, म्हणजे त्याच्याही असणार.

मी तुझ्यावर रागावलेय की तुझे पाय धरायचेत, ते माझं मलाच कळत नाही. पण त्याच्या आधी एक गोष्ट सांग. ते पत्र मी पाठवलंच नव्हतं, मग तुला कळलं कसं? फ्रीझरमध्ये होतं, पाकिटावर पत्ता नव्हता. घरी माझ्याशिवाय बर्ल आणि कुत्रा. मी झोपेत चालायला लागले आहे का? हॉस्पिटलच्या उपाहारगृहात बसून हे लिहितेय, इथून टाकते. ते पाकीट तुझ्याकडे असेल तर फेकू नकोस. शाळा ऑगस्टमध्ये उघडेल तेव्हा तिकडे पाठव, मला बघायचंय.

ट्वायला


लॉरेल फोर्क
८ सप्टेंबर

हॉलिस,

पाकीट मिळालं. मधल्या सुटीत स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर बसून बघितलं. मधोमध माझ्या हाताने 'हॉलिस'. त्याखाली तुझा ओहायोतल्या डेटनचा पूर्ण पत्ता, मोठ्या चौकोनी अक्षरांत, एकही अक्षर दुसऱ्याला न चिकटता. तसं अक्षर मी फक्त एका जेवणाच्या डब्यावर बघितलंय, 'बी. स्टिडम'. तिकीट वाकडं लावलेलं.

तू लिहिलंस की पाकीट हातात पडताच तू अक्षर ओळखलंस, आणि म्हणून एक मिनिट न थांबता फोन केलास. म्हणजे तुला माहीत होतं आणि मला नव्हतं. गेले सात आठवडे मी स्वतःला झोपेत चालणारी समजत होते. हे मी विसरणार नाही.

घरी आले. तो व्हरांड्यात बसला होता. स्टेरॉइडने त्याचा चेहरा भोपळ्यासारखा गोल झालाय आणि भूक इतकी लागते की काल माझ्या ताटातलं खाल्लं. मी पाकीट त्याच्या मांडीवर ठेवलं.

"हा पत्ता कोणी लिहिला?"

"टपाल खात्याने लिहिला असेल," तो म्हणाला.

मी हलले नाही. शेवटी त्याने सांगितलं. बर्फाची कांडी शोधताना पिशवीखाली हात गेला. पाकीट चिकटवलेलंही नव्हतं. वाचलं. मी चर्चला गेले होते. त्याने पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं आणि उतार उतरून पेटीपर्यंत गेला. तो उतार तुला माहीत आहे. तेव्हा त्याचा आकडा अठ्ठ्याऐंशीच्या खाली होता. वाटेत लाकडाच्या ओंडक्यावर बसला, मग कुंपणाला धरून उभा राहिला, मग गेला. पत्र आत टाकलं, टपालवाल्यासाठी पेटीचा लाल झेंडा वर केला आणि तसाच परत चढून आला. मी घरी आले तेव्हा तो खुर्चीत डोळे मिटून बसला होता आणि मी त्याला म्हटलं होतं, आज तरी जरा हालचाल कर.

मी विचारलं, पत्ता कुठून मिळाला? कार्डं तर सगळी जाळलीस.

"पाठ आहे."

मग मी ओरडले. इतकी ओरडले की कुत्रा व्हरांड्याखाली गेला. म्हटलं, बर्ल, रनिटाला फोन करायला तुझ्या शेजारी फोन होता, त्या शहाण्या टॅबवर एक बटण दाबायचं होतं. आणि तू मरत मरत उतार उतरून ओहायोला पत्र टाकलंस? वर तीन दिवस त्यालाच शिव्या घातल्यास?

त्याने माझं ओरडणं संपू दिलं.

"मला जमत नाही, ट्वायला. तीस वर्षं तोंड मिटून काढली, ते आता कसं उघडणार? तुला पण जमेना, ते वाचलं मी. त्याला जमतं. प्रत्येक पाळीत असा एक तरी लागतो."

हॉलिस, हे त्याने तुझ्याबद्दल म्हटलं. मी शब्दही बदललेला नाही. माझ्यावर विश्वास नसेल तर येऊन कुत्र्याला विचार.

आता बाकीचं. ऑगस्टच्या स्कॅनमध्ये गाठ तेवढीच होती. वाढली नाही, घटली नाही. पुढचा स्कॅन ऑक्टोबरच्या शेवटी आहे. शिपाई जागे आहेत की झोपले ते तेव्हा कळेल. झोपले असतील तर आता दुसरं औषध नाही, हे डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं आणि बर्लने सरळ ऐकलं. चाचणीत तो अजून आहे, औषधाशिवाय. रोजचा आकडा रनिटाला लागतो. चिमटा तो स्वतः लावतो आणि मला मुद्दाम हाक मारून दाखवतो. आज एक्क्याण्णव. जिन्याच्या प्रश्नावर त्याने रनिटाला फोन करून सांगितलं, आमच्याकडे जिना नाही, पण पेटीपर्यंतचा उतार आहे आणि तो मला आता चढवत नाही. रनिटाने ते लिहून घेतलं. त्याने एवढं सांगितलं, याचा मला गाठ कमी झाली त्यापेक्षा जास्त आनंद झाला, आणि त्या आनंदाचा लगेच रागही आला, कारण हे मेमध्ये सांगितलं असतं तर कदाचित थोड्या दिवसांनी औषध पुन्हा सुरू करता आलं असतं. तसं करतात. रनिटाने सांगितलं. मी विचारायला नको होतं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, तुला बोलावत नाहीये. ताकाला जाऊन भांडं लपवलं. मी तुला पहिल्या दिवसापासून बोलावतेय. मी थकलेय, मोठ्या रस्त्यावर मला अजून भीती वाटते, आणि तुझा भाऊ पुढच्या उन्हाळ्यात असेल की नाही ते माहीत नाही. ऑक्टोबरच्या आधी ये.

हे मी उघड्यावर लिहितेय, व्हरांड्यात, त्याच्यासमोर. त्याने विचारलं कोणाला लिहितेस, मी सांगितलं.  मग तो म्हणाला, "त्याला सांग, खुर्ची येताना घेऊन ये म्हणावं. त्याची जुनी कुजली."

आता म्हणतोय पाकिटावर पत्ता मीच घालतो. पेन दिलंय. पेटीपर्यंत मात्र मी जाईन आणि झेंडाही मीच वर करीन, कारण तो उतार आता त्याच्या आवाक्यातला राहिलेला नाही.

ट्वायला